कोऱ्या चहाचा बाप्तिस्मा

भिवपुरी,
१४ ऑक्टोबर

रेव्हरंड फादर सेबॅस्टियन यांस (म्हणजे आमच्या बस्त्यावला),

इनासदादाचा आशीर्वाद आणि नमस्कार, दोन्ही. आशीर्वाद मी तुझा मावसभाऊ आणि अकरा वर्षांनी थोरला म्हणून. नमस्कार तू झगा घातलास म्हणून. यांतलं आधी काय लिहायचं ते ठरवता ठरवता एक चांगला कागद वाया गेला, आणि आता वहीचं पान फाडून लिहितोय. तुझी तब्येत कशी आहे? रोमला कायदा शिकताना जडलेलं पित्त गेलं, की अजून जेवणानंतर सोडा घेतोस? बिशप हाउसच्या स्वयंपाक्याला सांगून मुगाची खिचडी करून घेत जा, तो तुला रोज मटण घालतो असं कळलं. माझं विचारशील तर साखर दोनशे चाळीस आहे, उजवा गुडघा पायरी चढताना कुरकुरतो आणि डावा त्याला साथ देतो. मेरी गेल्याला डिसेंबरात चार वर्षं होतील. पॉवर हाऊसचं क्वार्टर सोडल्यापासून स्टेशनामागच्या दोन खोल्यांत राहतो. एकीत मी असतो आणि दुसरीत मेरीचं सामान, ज्याला मी हात लावत नाही. एकंदरीत बरं आहे. (बरं नाही, पण पत्राच्या सुरुवातीला तसंच लिहायचं असतं.)

तुला ठाऊकच आहे की इथल्या चर्चची घंटा मी वाजवतो, बाप्तिस्म्याची वही कपाटातून मी काढतो आणि मीच परत ठेवतो (लिहितात मात्र फादर), आणि दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, वर्षभरात वारलेल्यांची नावं सिमेटरीत उभा राहून मीच वाचतो. निवृत्त माणसाला यापेक्षा मोठा मान मिळत नाही. तर या वर्षीच्या यादीत एक नाव घालायचं की नाही, यावरून मे महिन्यापासून इथे जे चाललंय ते तुला सविस्तर कळवावं, कारण शेवटी ती फाइल तुझ्याच टेबलावर येऊन पडली आहे. फाइलमध्ये सगळं नसतं. पत्रात असतं.

नाव आहे गोमाचं. गोमा म्हणजे कशेळ्याच्या वरच्या वाडीतला ठाकर, पॉवर हाऊसच्या पाइपलाइनवर रोजंदारीला होता. तू चर्चच्या ज्युबिलीला आला होतास तेव्हा स्टेशनवरून तुझी बॅग डोक्यावर घेऊन आला तोच. त्या बॅगेत तुझी कायद्याची पुस्तकं होती, आणि गोमा मला नंतर म्हणाला की तुमच्या भावाचा देव लई जड हाय. पाइपला रंग द्यायच्या कामावर आम्ही दोघांनी चोवीस वर्षं एकाच दोरावर लटकून काढली. वरच्या धरणातलं पाणी त्या पाइपांतून घाट उतरून येतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे कालव्याने खालच्या भातशेतीला जातं. मला कानाने कमी ऐकू येतं ते त्या पाण्याच्याच आवाजाने. गोमाची वाडी त्या पाइपांपासून हाकेच्या अंतरावर, आणि मार्च लागला की त्या वाडीत प्यायला पाणी नसतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही; पुढे लागणार आहे म्हणून लिहितो.

तो चर्चमध्ये कसा आला ते तुला माहीत नसेल. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष. पवित्र आठवड्यातला गुरुवार, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून वेदीपुढे बारा खुर्च्या मांडलेल्या, आणि बसायला माणसं अकराच. बाराव्याची माथेरानच्या हॉटेलात ड्यूटी लागली होती. तेवढ्यात एक व्हॉल्व्ह गळतोय म्हणून मला बोलवायला गोमा दारात येऊन उभा राहिला. तेव्हाचे म्हातारे फादर, त्यांना मोतीबिंदू. त्यांनी दिसेल त्याला दंडाला धरून खुर्चीत बसवलं आणि त्याचे पाय धुतले, पुसले, आणि रीतीप्रमाणे पायाचं चुंबन घेतलं. गोमा ताठ बसून होता. त्या पायांना साबण माहीत नव्हता, मग दुसऱ्याचे हात कुठून माहीत असणार? व्हॉल्व्ह गळतच राहिला आणि मला मेमो मिळाला (निवृत्तीच्या चार महिने आधी, छत्तीस वर्षांतला पहिला). पुढच्या रविवारी गोमा आंघोळ करून चर्चमध्ये मिस्सेला हजर. त्यानंतर अकरा वर्षं, कशेळ्याहून कमळ्याच्या जीपने, एक रविवार चुकला नाही. आणि दर वर्षी त्या गुरुवारी बारावा प्रेषित म्हणून तोच बसायचा, कारण बारावा माणूस आम्हांला कधीच मिळाला नाही. अकरा वर्षं चर्चने त्याचे पाय धुतले. डोक्यावर मात्र पाणी घातलं नाही.

का नाही घातलं, तर म्हातारे फादर म्हणाले, आधी शिकू दे. तो शिकेपर्यंत त्यांची बदली झाली. दुसरे म्हणाले, घाई कशाला. त्यांचीही बदली झाली. आता फादर रूपेश आहेत. चौतीस वर्षांचं पोर, गिटार वाजवतं, आजाऱ्यांना भेटायला स्वतः मोटरसायकलवर जातं, पण घाबरतं. त्याचंही चुकतं म्हणवत नाही (मी म्हणतो, पण म्हणवत नाही). हल्ली डोंगरातल्या माणसाचा बाप्तिस्मा म्हटलं की कोण मोबाईल उंच धरून समोर उभा राहील त्याचा नेम नाही, आणि धर्मांतराच्या कायद्याबद्दल रोज वेगळी बातमी येते. फादरांनी गोमाचं नाव बाप्तिस्म्याची वाट पाहणाऱ्या दीक्षार्थींच्या वहीतसुद्धा घेतलं नाही. नाव लिहिलं की कागद होतो, आणि कागद कुणाच्याही हाती लागतो, असं त्यांचं म्हणणं. गोमाला मी हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "रेशनच्या कागदात पन माजा नाव नाय. देवाच्या कागदात नसला तर नसला. पन पानी तर घाला." यावर मी त्याला वडापाव खायला घातला.

तू विसरून गेलेलं ते तांबडं पुस्तक, चर्चच्या कायद्याचं, माझ्याकडेच आहे. (परत मागू नकोस, त्याची पाठ मोडली आहे.) त्याच्या शेजारी मी एक निळी पुस्तिका ठेवतो, मानवी हक्कांची. कर्जतला एका संस्थेचं शिबिर होतं, दुपारचं जेवण होतं म्हणून गेलो, त्यात ती मिळाली. गेले पाच महिने मी ही दोन पुस्तकं आलटून पालटून वाचतोय आणि माझी झोप उडाली आहे. निळ्यात पहिल्याच ओळीला लिहिलंय की माणूस जन्मला की त्याला हक्क मिळाले, तो कोण, कुठला, विचारायचं नाही. तांबड्यात कलम ९६ म्हणतं की बाप्तिस्म्याने माणूस चर्चमध्ये व्यक्ती होतो आणि मग त्याला हक्क आणि कर्तव्यं लागू होतात. म्हणजे निळ्या पुस्तकाप्रमाणे गोमा सदुसष्ट वर्षं माणूस होता, आणि तांबड्याप्रमाणे तीन आठवडे, तेसुद्धा शंकास्पद. मी वकील नाही, फिटर आहे. पण दोन पाइपांची तोंडं जुळत नसतील तर मधल्या फटीतून पाणी जातं एवढं मला कळतं. आणि तो कायदा करणाऱ्यांनी आत्म्यांचं तारण हाच सर्वांत मोठा कायदा, हे वाक्य अगदी शेवटच्या पानावर का टाकलं असेल? मी पुस्तक मागून वाचायला सुरुवात केली म्हणून मला सापडलं. तुम्ही लोक पुढून वाचत असणार.

आता मे महिन्याचं ऐक. कमळ्या जीपवाला निरोप घेऊन आला की गोमाचं काही खरं नाही, छाती भरली आहे, आणि तो इनासला बोलाव म्हणतोय. फादर रूपेश खालापूरच्या बाजूच्या कुटुंबांकडे मिस्सेला गेलेले, फोन लागेना. मी निघालो. जीप रस्ता संपतो तिथवर, पुढे दीड तास चढ. मेचं ऊन, माझे हे गुडघे. दर शंभर पावलांना मी एका प्रेषिताचं नाव घेऊन थांबत होतो आणि बारा जण तीनदा संपले. वाडीत पोचलो तर विहिरीच्या तळाशी चिखल, आणि टँकर दोन दिवसांआड खालच्या रस्त्याला येतो तो तिसऱ्या दिवशीही आलेला नव्हता. गोमाची मुलगी जना पहाटेच दोन हंडे घेऊन झऱ्यावर गेली होती आणि तिचा पत्ता नव्हता. घरात गोमा, आणि त्याची म्हातारी बहीण बायजा. बायजाने मला पाहिलं आणि चुलीवर चहा ठेवला. कोरा, गुळाचा. स्टीलच्या पेल्यात भरून माझ्या हातात दिला. मी दम खात फुंकर मारत होतो तेवढ्यात गोमाने डोळे उघडले आणि म्हणाला, "आता घाला."

काय घाला ते मला लगेच कळलं. कलम ८६१, मरणाच्या प्रसंगी कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. हे मी घंटा वाजवणारा असूनही पाठ केलं होतं. मी बायजाकडे पाणी मागितलं. तिने हंडा उचलून उपडा केला आणि म्हणाली, "व्हता तेवडा तुमच्या चायमंदी घातला." बस्त्याव, त्या घरातलं शेवटचं पाणी माझ्या हातातल्या पेल्यात होतं आणि त्याच्यात चहाची पावडर होती. गोमाच्या छातीत घरघर सुरू होती. मी कायद्याप्रमाणे विचारायचं ते विचारलं. देवावर विश्वास आहे का? "हाय." प्रभू येशूवर? "पाय धुतो त्यो? हाय." आज्ञा पाळशील? यावर तो म्हणाला, चोरी कदी केली नाय, फारेस्टची लाकडा सोडून. (ती चोरी होते की नाही हे तांबड्यात सापडत नाही, आणि निळ्याप्रमाणे जगण्यापुरतं मिळणं हा त्याचा हक्कच.) नाव काय घेणार विचारलं तर म्हणाला, "तुमचाच घाला, मला दुसऱ्या कुनाचा येत नाय." मग मी तो पेला तीनदा त्याच्या कपाळावर ओतला आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला इनास केलं. चहाची पत्ती त्याच्या भुवयांत अडकली. बायजाने पदराने पुसली आणि चांगला चहा फुकट घालवला म्हणून मला बोलली. पेल्यात राहिलेले दोन घोट नव्या इनासने पिऊन टाकले.

आणि बरा झाला. आयुष्यात एकच बाप्तिस्मा दिला आणि माणूस उठून बसला. दुसरा कुणी असता तर त्याचं नाव झालं असतं, माझ्यामागे चौकशी लागली. पुढच्या रविवारी गोमा कमळ्याच्या जीपमधून उतरला, सगळ्या जीपला आपलं नाव इनास आहे असं सांगत, आणि बाप्तिस्मा झालेल्यांच्या, ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभा राहिला. फादर रूपेशनी मला बाजूला घेऊन विचारलं, आणि मी अभिमानाने खरं सांगितलं. फादर खाली बसले. कलम ८४९, खरं पाणी पाहिजे. कलम ८६९, शंका असेल तर गंभीर चौकशी करायची. लगेच धर्मग्राम मंडळाची, म्हणजे चर्चच्या पंचांची, बैठक. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या नम्रताबाई म्हणाल्या, चहा म्हणजे नव्याण्णव टक्के पाणीच. दुसरे म्हणाले, मग सांबारही पाणीच. शेवटी असं ठरलं की बायजाच्या कृतीने चहा करून प्रत्यक्ष पाहावा. नम्रताबाईंनी हॉलच्या मागे गूळ घालून पातेलंभर केला, सगळ्यांनी कपात ओतून उजेडात धरून पाहिला, वास घेतला, आणि चर्चा इतकी लांबली की पुरावा सगळ्यांनी मिळून पिऊन टाकला. गोमा बाहेर ओट्यावर बसला होता. मधून मधून खिडकीशी येऊन विचारायचा, "झाला का?"

मी फादरांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. म्हटलं, शंका आहे ना, मग ८६९ मध्येच लिहिलंय, "झाला नसेल तर" असं म्हणून पुन्हा पाणी घाला, चर्चच्या नळाला चोवीस तास पाणी आहे. फादर म्हणाले, तसं केलं तर तारीख पडेल, सही पडेल, साक्षीदार पडतील; बिशप हाउसचं उत्तर येऊ दे. त्यांनी विचारणा पाठवली. (तू तेव्हा गोव्याला परिषदेत होतास. विषय काय होता रे? मला नम्रताबाईंनी सांगितलं, श्रद्धावंतांचे हक्क.) गोमा तीन रविवार रांगेत आला, छातीवर हात दुमडून, आणि नुसता आशीर्वाद घेऊन परत बाकावर बसला. आणि तिकडे वाडीत उलटंच. तिथल्या थोरांनी त्याला देवकार्याला बोलावणं बंद केलं. तू त्यांचा झालास म्हणाले. आमच्यात तो अजून आला नव्हता आणि तिकडून त्याचं नाव कमी झालं होतं.

मग मी दोन पत्रं लिहिली. एक बिशप हाउसला, एक हक्कांचं बघणाऱ्या सरकारी कचेरीला. बिशप हाउसला लिहिलं की वाडीत पाणी नाही म्हणून चहा वापरावा लागला, हा दोष गोमाचा नव्हे. कलम २१३ प्रमाणे संस्कार मिळणं हा त्याचा हक्क. कचेरीला लिहिलं की पाणी हा माणसाचा हक्क, आणि ते नसल्यामुळे एका माणसाचा धर्मसुद्धा अडकून पडला आहे. दोन्हीकडून उत्तरं आली, हे त्यांचं मोठेपण. बिशप हाउसने कळवलं की पाणीपुरवठा हा विषय धर्मप्रांताच्या कक्षेत येत नाही. कचेरीने कळवलं की बाप्तिस्मा हा धार्मिक विषय असल्याने त्यांच्या कक्षेत येत नाही. दोन्ही कागद मी पुस्तकांत घालून ठेवलेत, तांबड्यात निळ्याचं आणि निळ्यात तांबड्याचं. उत्तरं आली तेव्हा गोमाला जाऊन महिना झाला होता.

मे संपता संपता तो गेला. या वेळी कुणाला निरोप द्यायलाही वेळ मिळाला नाही. सकाळी वाडीतले थोर म्हणाले, किरिस्ताव झाला, आमच्या रीतीत कसा घ्यायचा, त्यांच्या जागेत न्या. जनाने कमळ्याच्या टेंपोत बापाला घातलं आणि चर्चच्या फाटकाशी आणलं. मी तांबडं पुस्तक घेऊन फादरांपुढे उभा. कलम ११८३, दीक्षार्थी असला तरी त्याचा अंत्यविधी श्रद्धावंतासारखाच करायचा; चहाचा प्रश्नच येत नाही. फादर म्हणाले, दीक्षार्थींच्या वहीत नाव कुठे आहे? आणि ते नाव कुणी लिहिलं नव्हतं ते त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, म्हणून ते माझ्याकडे न बघता म्हणाले. बिशप हाउसला फोन लावले, बिशपसाहेब दौऱ्यावर. दहा वाजले, अकरा, एक. टेंपोवर ताडपत्री होती, पण ऊन तिच्यातून लागत होतं. जना चाकापाशी उभी. तिला कुणी खुर्ची दिली, तिच्यावर ती बसली नाही. दोन वाजता ती मागे चढली, बापाच्या उशाशी बसली आणि मला म्हणाली, "तुमचा का आमचा ते तुमी बसून ठरवा. मी बाला घरी नेते." आणि कमळ्याला म्हणाली, "चल रं."

तिच्या वरईच्या तुकड्याच्या बांधाला खड्डा खणला. जना, तिचा नवरा हिरू, कमळ्या आणि मी. मी फारसं खणलं नाही, पहार धरून उभा होतो. फादर रूपेश साध्या कपड्यांत मोटरसायकलवरून आले होते, ते वीस पावलांवर सादड्याच्या झाडाशी थांबले. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. मी त्यांच्याशी अजून नीट बोललेलो नाही, घंटेपुरतं बोलतो.

तर आता मुद्द्याचं. दोन नोव्हेंबरची यादी वहीवरून निघते. फादर म्हणतात, घरी प्रार्थना कुणासाठीही करा, पण यादीतलं नाव म्हणजे धर्मग्रामाचा माणूस. त्याला निकाल पाहिजे. गेल्या महिन्यात जना बाजाराच्या दिवशी भेटली. तिने एवढंच विचारलं, तुमच्यात बाचा नाव घेतील का? वाडीत कुणी त्याचं नाव घेत नाही, आमच्यातही घेतलं नाही तर तो कुठेच नाही, असं काही ती म्हणाली नाही, पण मला तसंच ऐकू आलं. म्हणून मी कलम २१२ प्रमाणे माझी गरज वडीलधाऱ्यांना (म्हणजे तुला, काय दिवस आले) कळवतो, आणि कलम २२१ प्रमाणे न्याय मागतो. फिकट कोरा चहा हे खरं पाणीच, असा निकाल तू दे, किंवा ज्यांना देता येतो त्यांच्याकडून घे. वहीत नाव चढू दे. सरकारने त्या माणसाला पाणी दिलं नाही, पॉवर हाऊसने दिलं नाही, तीन फादरांनी दिलं नाही, वाडीने मेल्यावर जागा दिली नाही. त्याला पाणी नाकारणाऱ्यांची सगळी यादी मी वर दिली आहे. आता तुझं काम आहे.

प्रकृतीला जप. सोडा कमी कर. स्वयंपाक्याला माझा नमस्कार.

तुझा,
इनासदादा

ता. क. तिकडे तुमच्या दवाखान्यात साखरेच्या गोळ्या मिळतात म्हणे, दोन पाकिटं पाठव. इथल्या मेडिकलवाल्याकडे त्या नेहमी उद्या येणार असतात.

ता. क. दुसरा. फाइलमध्ये माझ्या सहीचा जबाब आहे, त्यात चहा फिकट होता असं मी लिहिलंय आणि वरही तेच लिहिलं. तो फिकट नव्हता. पाहुणा आला म्हणून बायजाने पावडर दुप्पट घातली होती, पेल्याचा तळ दिसत नव्हता. नम्रताबाईंना मी कृती सांगितली ती खोटी सांगितली. निकाल देण्याआधी तुला माहीत असावं.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, वाफेवर धरून परत उघडलं. बस्त्याव, त्या दिवशी माझ्या पिशवीत पाण्याची बाटली होती. कशेळ्याला घेतलेली, अर्धी भरलेली. बायजाने हंडा उपडा करून दाखवला तेव्हा ती माझ्या मांडीला टेकून होती. परतीची दीड तासाची वाट आहे, साखर आहे, चक्कर येऊन पडलो तर कोण उचलणार, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. पण ती बाहेर काढली असती तर परत पिशवीत ठेवता आली नसती. बायजा समोर होती. आणि गोमा "आता घाला" म्हणाला त्याच्या आधी त्याने मला प्यायला पाणी मागितलं होतं. माझ्याकडे नाही, म्हटलं. उतरताना अर्ध्या वाटेत सावलीला बसून मी ती संपवली. कोमट झालं होतं, तरी सगळं प्यायलो.

फादर रूपेशना हे सांगता येत नाही. पाच महिने मी त्या पोराला दोष देतोय. म्हणून निकालाची घाई करू नकोस. निकाल आला तरी ते नाव माझ्या तोंडून वाचलं जाणार नाही. दोन तारखेच्या आत तू ये, आणि यादी तू वाच. पापनिवेदन पत्राने होत नाही हे तूच मला सांगितलं होतंस, तेव्हा हे लिहिलेलं धरू नकोस. मी तुझ्यासमोर गुडघे टेकून पुन्हा सांगेन. आणि येताना माझ्या बाजूने एखादं कलम शोधून आणू नकोस.